कारवंडची धुरपा लोणारीण

फार फार वर्षांपूर्वी, वाघुली नदी डोंगरातून उतरून जिथं एकदम वळण घेते, तिथल्या कारवंड गावात ही हकीकत घडली. सांगणारे गेले, ऐकणारे गेले, भिंत मात्र आहे. तिला हात लावून बघता येतो, म्हणून सांगायला धीर होतो.

या वळणावर नदी गावाच्या अंगावर येते. तिला अडवायला काठावर एक दगडी भिंत होती. कुणी बांधली, कधी बांधली, हे तेव्हाच्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. भिंतीच्या पोटाशी भैरोबाचं देऊळ, देवळामागं खालची आळी, आणि मग सगळं गाव. एका आषाढात नदीनं त्या भिंतीचं मधलं अंग फोडलं. बैलगाडी आत जाईल एवढं खिंडार पडलं.

गावात राणू नावाचा गवंडी होता. हात चांगला, पण घाई फार. म्हाळोजी पाटलांनी त्याला खिंडार बुजवायला सांगितलं. राणूनं दोन दिवसांत भट्टी लावली, पेटवली, भडाभडा जाळली. चुन्यावर पाणी मारलं आणि त्याच आठवड्यात भिंत उभी केली. महिनाभरात भिंतीला फोड आले. आतले कच्चे खडे फुगून फुटायचे आणि दगडांचे सांधे सुटायचे. पहिल्या पुरात भिंत गेली. दुसऱ्या वर्षी पुन्हा बांधली, पुन्हा गेली. खालच्या आळीतली दोन घरं आणि एक गाभण म्हैस वाहून गेली.

तेव्हा लोक हळू आवाजात एकमेकांना म्हणायला लागले, "भिंत माणूस मागतेय."

पाटलांच्या कानावर ते गेलं आणि पाटील घाबरले. असलं बोलणं एकदा गावात शिरलं की कुणाच्या दारात जाऊन थांबेल, सांगता येत नाही. त्यांनी घाटाखाली निरोप धाडला आणि चुना भाजणाऱ्या लोणाऱ्यांपैकी कुणीतरी जाणतं माणूस पाठवा म्हणून सांगितलं.

दिवाळी झाल्यावर दोन गाढवं घेऊन एक बाई आली. एकटीच. चाळिशीची, अंगानं काटक, हात कोपरापर्यंत पांढरे, पापण्यांवरसुद्धा चुन्याची धूळ. कपाळ मोकळं होतं. नाव सांगितलं, धुरपा.

"नावातच धूर हाय बाईच्या," कुणीतरी म्हणालं, आणि संशयाची पहिली ठिणगी तिथं पडली, असं म्हणतात.

धुरपानं भिंत पाहिली. जुन्या बांधकामातला चुना नखानं खरवडला, जिभेला लावला, थुंकला. मग पाटलांना म्हणाली, "जुन्या मानसांनी घाई केली न्हाई. मीबी करनार न्हाई. चुना भाजंन, खड्ड्यात मुरवंन, आन् पुढल्या होळीनंतर भिंत बांधू."

"पुढल्या?" पाटील म्हणाले. "म्हंजे मधला पावसाळा उघड्या खिंडारानं काढायचा?"

"व्हय. न्हाईतर दर साली बांधा आन् दर साली वाहू द्या."

पाटलांना दुसरा इलाज नव्हता. पण चावडीवर बसणाऱ्यांना ते खटकलं. वर्षभर थांबायला सांगते म्हणजे मधल्या पावसात गाव बुडावं असं हिच्या मनात आहे की काय? आणि हिला घाई कशी नाही? घाई नसलेलं माणूस गावानं तोवर पाहिलं नव्हतं.

धुरपानं गावापासून लांब, माळावर भट्टी रचली. खाली लाकडं, वर चुनखडी, पुन्हा लाकडं, पुन्हा चुनखडी, असे थर. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि बजावून सांगितलं, "इकडं कुनी फिरकायचं न्हाई. थंडी किती का असंना, शेकायला यायचं न्हाई. भट्टीचा श्वास वाईट असतो."

तिनं खरं तेच सांगितलं होतं. पण लोकांनी ऐकलं ते असं की, बाईच्या भट्टीला श्वास आहे.

मग सगळंच वेगळं दिसायला लागलं. धुरपा आग मंद ठेवायची. सात दिवस, सात रात्री, एकसारखी. भट्टी निवली की एकेक दगड उचलून तळहातावर तोलायची. हलका झालेला दगड ठेवायची, जड राहिलेला फेकून द्यायची. जड दगडाचं काळीज कच्चं असतं, तोच पुढं भिंतीत फुटतो, हे तिला माहीत होतं. लोकांना एवढंच दिसायचं की बाई दगड कानाशी नेते, वाजवून ऐकते, आणि काहींना टाकून देते. म्हणजे ती दगडांशी बोलते.

ती दारोदार फिरून फुटकी मडकी, कौलं, खापरं मागायची. तिला त्यांचा भुगा करून चुन्यात मिसळायचा होता, म्हणजे चुना पाण्यातही धरतो. पण फुटकं मडकं माणूस कधी आठवतो? मर्तिकाला. बायकांनी दारं लावून घेतली. जिनं खापर दिलं तिच्या घरातलं लेकरू चार दिवसांनी तापानं फणफणलं, आणि झालं. मूल बरंही झालं, पण ते कुणी सांगत बसलं नाही.

शिवाय ती गूळ मागायची, बेलफळं मागायची, हिरडे गोळा करायची. चुना चिवट व्हावा म्हणून जुने कारागीर हे घालत आलेत. पण गूळ आणि बेल म्हणजे नैवेद्य. नैवेद्य कुणाला? भैरोबाच्या देवळात तर ती एकदाही गेली नव्हती.

असं करत तिनं दोन भट्ट्या काढल्या. भाजलेल्या चुनखडीच्या कळ्या पाण्यानं भरलेल्या मोठ्या खड्ड्यात सोडल्या. पाणी जाळाशिवाय रटरटा उकळलं, वाफेचा लोट उठला, आणि माळावर गुरं राखणारे पळत गावात आले. दोन भट्ट्यांचा चुना त्या खड्ड्यात लोण्यासारखा बसला. धुरपानं वर वीतभर पाणी ठेवलं आणि तिसरी भट्टी पेटवली.

या सगळ्यात एक माणूस गप्प होता. राणू गवंडी. दोनदा भिंत पडल्यापासून त्याला कुणी काही बोललं नव्हतं, आणि तेच त्याला बोचत होतं. त्याला वाटायचं, या बाईकडं काहीतरी गुपित आहे. मंत्र असेल, मुळी असेल. ते हाती लागलं तर भिंत आपल्या नावावर उभी राहील.

पौषातली थंडी होती. एका पहाटे राणू घोंगडी पांघरून कुंपणाखालून सरपटत आत शिरला. भट्टीच्या वाऱ्याखालच्या अंगाला एक खळगा होता. उबदार होता, आणि तिथून भट्टीचं तोंड नीट दिसत होतं. राणू खळग्यात बसला. ऊब लागली. डोळे जड झाले. हातपाय हलवावेसे वाटेनात.

दिवस उगवल्यावर धुरपा लाकडं घेऊन आली, तर खळग्यात घोंगडीचं टोक दिसलं. तिच्या हातची मोळी गळून पडली. तिनं छाती भरून श्वास घेतला, तोंड मिटलं आणि खाली उडी टाकली. धिप्पाड राणूला बगलेत धरून ओढलं. हात सुटला. वर येऊन श्वास घेतला, पुन्हा उतरली. तिसऱ्या खेपेला त्याला काठावर काढलं आणि वाऱ्याच्या तोंडाला उताणं निजवलं. पाणी मारलं, छाती चोळली. बऱ्याच वेळानं राणूच्या घशातून घरघर आली आणि त्यानं डोळे उघडले.

धुरपा रडत होती. कुणी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

"माजा धनी असाच निजला व्हता," ती म्हणाली. "थंडीचा. भट्टीच्या कडंला. सकाळी हाका मारल्या, उठलाच न्हाई. अंगावर एक वरखडा नव्हता. म्हनून कुंपान घातलं, बाबा. चोरून कशापायी आलास? दाव म्हनला असतास तर दावलं नसतं का?"

तेवढ्यात माळावर गलका झाला.

राणू घरात नाही म्हणून त्याची बायको शोधायला निघाली होती, तिच्यामागं सगळं गाव. लांबून त्यांनी काय पाहिलं, तर धुरामध्ये एक पांढरीफटक बाई भट्टीशेजारी निपचित पडलेल्या माणसावर ओणवली आहे. इतके महिने जे कुजबुजत होते, ते त्यांना डोळ्यांनी दिसलं. भिंतीसाठी माणूस.

लोक काठ्या घेऊन धावले. कुंपण तोडलं. पाटील पुढं झाले नसते तर तिथंच निकाल लागला असता.

"थांबा!" पाटील ओरडले. "राणू जिता हाय. त्यालाच इचारू."

पण आधी धुरपा बोलली. "पाटील, या खळग्यात वाईट हवा साचती. बघा." तिनं एक जळती काडी काठीला बांधून खळग्यात सोडली. खाली जाताच ज्योत विझली. दुसरी सोडली, तीही विझली.

तिला वाटलं, आता तरी पटेल. पण लोक चार पावलं मागं सरले. "दिवा गिळला!" एक म्हातारी किंचाळली. "तिच्या खड्ड्यानं दिवा गिळला!"

पाटलांनी राणूकडं पाहिलं. "राणू, खरं सांग. तू हितं कसा आलास?"

राणूनं बायकोकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं. चोरी करायला आलो होतो, हे शब्द त्याच्या ओठांवर येऊन थांबले. आणि तो म्हणाला, "मला ठावं न्हाई. मी घरात निजलो व्हतो. जाग आली ती हितं."

धुरपानं त्याच्याकडं पाहिलं. ती चिडली नाही, तिनं त्याला खोटं पाडलं नाही. पाटलांना म्हणाली, "मला घालवा. पर चुन्याच्या खड्ड्याला हात लावू नका. चुना जिता हाय. वर पानी ऱ्हाऊ द्या, सुकू देऊ नका. पुढली होळी झाली की काढा, खापरांचा भुगा मिळवा, घाणीत दगडी चाकाखाली चांगला मळा, मग बांधा." बोलताना ती बघत होती राणूकडं.

कुणी ऐकलं नाही. कुणीतरी नदीचं पाणी आणलं आणि पेटत्या तिसऱ्या भट्टीवर ओतलं. एक घागर, दहा घागरी. भाजलेले दगड पाणी पिऊन फुटले, उकळले, फुसफुसले. कडाड कडाड आवाज झाले आणि पांढऱ्या वाफेचा असा डोंगर उठला की हाताला हात दिसेना. बायका रडायला लागल्या. वाफ विरली तेव्हा भट्टी ढासळलेली होती, आणि धुरपा तिथं नव्हती. गाढवंही नव्हती. मोकळ्या माळावर पळत जाणारं माणूस कोसभर दिसतं, पण कुणाला दिसली नाही. वाफेबरोबर ती वर गेली, असं म्हणतात.

पावसाळा आला. उघड्या खिंडारातून पाणी खालच्या आळीत शिरलं. गावानं आधीच माणसं डोंगरावर हलवली होती म्हणून जीव वाचले, पण धान्य भिजलं, भिंती खचल्या. लोक म्हणाले, बाईचा तळतळाट. मधला पावसाळा उघड्या खिंडारानं काढावा लागेल, हे तिनं आधीच सांगितलं होतं, पण ते कुणाला आठवलं नाही.

पाऊस सरला, ऊन तापलं, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की राणू गवंडी रोज दिवस कलताना दोन घागरी घेऊन माळावर जातो. धुरपाच्या खड्ड्यात पाणी घालतो. वर पळसाची पानं पसरतो. माळावर पडलेली खापरं गोळा करतो आणि एकटाच कुटत बसतो.

झालं. जी नजर धुरपावर होती, ती राणूवर वळली. बाईनं ह्याला त्या दिवशी धरलं तो सोडलाच नाही, ह्याच्या अंगात तीच आहे, असं लोक म्हणू लागले. विहिरीवर त्याच्या बायकोला बाया जागा देईनात. त्याच्या हातचं बांधकाम कुणी घेईना. त्यानं कुणाच्या लेकराकडं पाहिलं तर आया पदर आडवा धरत. राणूनं सगळं सोसलं. तेव्हा त्याला उमगलं, की बोटं दाखवणाऱ्या माणसांमध्ये एकटं उभं राहणं म्हणजे काय, आणि तरीही ती बाई आपल्याला खोटं पाडल्यावाचून कशी उभी राहिली असेल.

होळी झाली. गावानं ठरवलं की तो खड्डा दगडमातीनं बुजवून टाकायचा. पाटलांसकट सगळे टोपल्या-फावडी घेऊन माळावर गेले. बघतात तर राणू गुडघाभर चुन्यात उभा.

"भाईर ये, राणू," पाटील म्हणाले. "ही चेटकिनीची खीर आमाला गावात नको."

"आधी माजं ऐका, मग माती टाका. माज्या अंगावर टाकली तरी चालंल."

त्याची बायको पुढं आली. "अवो, काय करताय? भाईर या की!"

राणू म्हणाला, "पाटील, मी घरात निजलो नव्हतो. मी चोर हाय. बाईची इद्या चोराया मी कुंपनाखालनं गेलो. खळग्यात मला भोवळ आली. तिनं आपला जीव धोक्यात घालून मला काढलं, तीन येळा उतरली ती. आन् तुमी इचारलं तवा लाजंपायी मी खोटं बोललो. तिच्या भट्टीवर घागरी ओतल्या त्या तुमी न्हाई, मी ओतल्या."

राणूनं ओंजळभर चुना उचलला आणि पाटलांपुढं धरला. पांढराशुभ्र, मऊ, वर्षभर पाण्याखाली राहिलेला. एक खडा नाही, एक कणी नाही. "माज्या दोन्ही भिंती का पडल्या ते ह्या ओंजळीत हाय. मी आठ दिसांचं काम दोन दिसांत केलं. तिला मंतर ठावा नव्हता. तिला थांबाया येत व्हतं."

पाटलांनी चिमूटभर चुना बोटांत चोळून पाहिला. मग त्यांनी हातातलं फावडं खाली टाकलं. सगळ्यांनीच टाकली नाहीत. काही जण टोपल्या तशाच घेऊन, मागं वळून बघत घरी गेले.

चैत्रात घाणी बसवली. दगडी चाक रेड्यांनी ओढलं, चुना आणि खापरांचा भुगा मळून निघाला, गूळ पडला, बेलाचा गर पडला. राणूनं बांधायला घेतलं. कधी नव्हे ते सावकाश. एक थर लावला की भिजवायचा, ओली पोती टाकून झाकायचा, मग दुसरा. काठावर रोज माणसं जमायची, पण हात लावायला थोडीच पुढं यायची. बाकीची नुसती बघायची. भिंत पडेल म्हणून बघत होती की उभी राहील म्हणून, त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं.

आणि त्या आषाढात वाघुलीला असा पूर आला, की तसा ना आधी आला ना नंतर. तीन दिवस पाणी भिंतीच्या माथ्याला लागलं होतं. गाव डोंगरावर गेलं. राणू भैरोबाच्या पायरीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी मोठं झाड वाहत येऊन नव्या बांधकामावर आदळलं आणि वरून खालपर्यंत भेग गेली. राणूनं डोळे मिटले. पण पाणी आत आलं नाही. भेगेतून दुधासारखा पांढरा पाझर सुटला, वाळला, पुन्हा सुटला. पूर ओसरून लोक उतरले तेव्हा भेग मिटलेली होती. तिथं बोटभर पांढरी रेघ होती, दगडाहून कठीण. भिंतीनं आपली जखम आपणच भरली, असं म्हणतात. ती रेघ आजही आहे.

काही जण सांगतात की पुराच्या तिसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावर दोन गाढवं आणि एक पांढरी बाई उभी होती. तिनं भिंतीकडं पाहिलं आणि वळली. खरं-खोटं नदीला ठाऊक. पाटील आणि राणू तिला शोधायला घाटाखाली गेले. एकेका भट्टीवर विचारलं. धुरपा कुणाला माहीत नव्हती. राणू पुढं दरवर्षी जात राहिला, पाय होते तोवर.

तेव्हापासून कारवंडला एक रीत आहे. दर वैशाखात भिंतीचे सांधे मुरलेल्या चुन्यानं भरतात, त्या दिवसाला धुरपाचा दिवस म्हणतात. पण पहिली थापी गावातला माणूस मारत नाही. त्या दिवशी वाटेनं जो पहिला परका येईल त्याला बोलावतात. कासार असो, फकीर असो, हरवलेला वाटसरू असो. त्याला आधी पाणी द्यायचं, मग थापी द्यायची. नाव विचारायचं नाही. गाव विचारायचं नाही. एका वर्षी दुपार टळली तरी कुणी आलं नाही, तर अख्खं गाव उपाशी उन्हात उभं राहिलं.

आणि एका वर्षी तर आलेला माणूस पळून चाललेला दरोडेखोर होता, हे दुसऱ्या दिवशी शिपाई आले तेव्हा कळलं. त्याच्या हातचा चुना काढून टाकावा का, असं कुणीतरी चावडीत विचारलं. तो सांधा अजून आहे तसाच आहे, आणि भर पुरातही तिथून थेंबभर पाणी आत येत नाही.